भिंतीतला वड

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीत दर पावसाळ्यात वडापिंपळाची रोपे उगवतात. ती उपटून टाकणे हे शिपायाचे काम, आणि त्याने ते केले की नाही हे पाहणे माझे. भिंत फुटेल या भीतीने आम्ही दोघेही हे काम मन लावून करीत आलो. त्याच आठवड्यात वनमहोत्सव येई, आणि गिरिपुष्पाची रोपे मुलांच्या हाती देऊन मी त्यांना टेकडीवर नेई. यातली विसंगती बारा वर्षे माझ्या ध्यानात आली नाही.

ती दाखविली पाचवीतल्या एका मुलीने. वाढलेल्या गिरिपुष्पाच्या रांगेपाशी उभी राहून तिने विचारले, "गुरुजी, या झाडावर पाखरे काय खातात?"

फुलांच्या दिवसांत चार शिंजीर मधासाठी येत. एरवी तेथे शुकशुकाटच. लोकांनी या झाडाला उंदीरमारी म्हटले आहे, त्यात सारे आले. मास्तराला उत्तर सुचले नाही की तो पुस्तकांकडे वळतो, मीही वळलो.

दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात अशोकाचा एक स्तंभ आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील त्यावरच्या लेखात राजा सांगतो की, पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावविले. परीक्षेत अशोकाने रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली, एवढे लिहिले की मी पुरे गुण देत असे. कोणती झाडे आणि कोणासाठी, हे मी कधी विचारलेच नव्हते!

आपल्याकडे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. आरमाराला लाकूड हवे. परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे त्यात बजावले आहे.

पुढे १९५० च्या जुलैत वनमहोत्सव सुरू झाला. तो सुरू करणारे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी हे गुजरातीतले नामांकित कादंबरीकार, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा अधिकच आपलेपणा. झाडे लावणे हाच सण व्हावा, ही कल्पना कादंबरीकाराला शोभणारीच होती. पण पुढे रोपे मोजली जाऊ लागली, आणि झटपट वाढेल ते झाड सोयीचे ठरले. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ नि गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. त्या झाडांचा काय दोष? त्यांची पाखरे सातासमुद्रांपलीकडे राहिली.

वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातली. यांच्या फळाच्या पोटात फुले असतात, आणि ती फळवणारी चिलटाएवढी गांधीलमाशी तेथेच जन्मते. एका झाडाला आज, दुसऱ्याला महिन्याने फळे येतात. त्यामुळे रानातली इतर फळे संपली तरी यांची पंगत कोठेतरी चालूच असते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून अंडी उबविते, तेव्हा नर तिला फटीतून हीच फळे भरवितो. जेवलेली पाखरे बी घेऊन उडतात, आणि ते कुठल्या तरी भिंतीत रुजते.

त्या वर्षापासून आमचा शिपाई रोपे फेकीत नाही. भिंत ओली असताना मुळासकट हलकेच सोडवून आम्ही ती पिशव्यांत लावतो. मुले वर्षभर पाणी घालतात, आणि पुढच्या वटपौर्णिमेला ती गावात फुकट वाटतो. फांदी विकत घेण्यापेक्षा झाड न्या, एवढेच सांगतो. घराजवळ वड नको, म्हणून काहींनी रोपे परत आणली. त्यांचेही खरेच होते. ती आम्ही पाणवठ्यावर आणि गायरानाच्या कडेला लावली. पहिल्या वर्षी १९ रोपे गेली, उन्हाळ्याअखेर ७ जगली. लेकरांप्रमाणे वाढविणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले.

ती मुलगी आता हायस्कूलला गेली आहे. पाणवठ्याच्या वडाला अजून फळ धरायचे आहे. वडाला घाई नसते. परवा मात्र त्याच्या शेंड्यावर एक बुलबुल जागा पाहून गेला.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही भिंतीत एखादे वडाचे रोप सापडेल. ते जरूर काढा; पण फेकू नका.