चाकूच्या आधी फोटो

आमच्या गटातल्या एका ताईच्या स्तनात गाठ आली. तपासणीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी स्कॅन सांगितला, तसे घरचे म्हणाले, "गाठ हाताला लागतेय, मग फोटो कशाला? काढून टाका की!" त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत डॉक्टर हॅल्स्टेड सगळा स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदमच काढत. रोग स्तनातून हळूहळू बाहेर सरकतो, म्हणून जास्त कापलेलं बरं, असं ते मानत. ही पद्धत जगभर कित्येक वर्षं चालली. बायकांचे हात सुजायचे, खांदा उचलायचा नाही. तरी अनेकींचा रोग पुढे हाडांत, फुप्फुसांत निघायचा. तो आधीच तिथे गेलेला असायचा, पण दिसणार कसा?

१८९५ मध्ये जर्मनीत रॉन्टजेन यांना एक्स-रे सापडले. त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि अंगठी दिसली. १९१३ मध्ये बर्लिनचे सर्जन सालोमन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे अभ्यासले. पुढे फ्रान्सचे डॉक्टर देन्वा यांनी तीन प्रश्न मांडले: गाठ केवढी, काखेत गेली का, दूर गेली का? स्टेज आजही यावरूनच ठरवतात. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. हाडांचा स्कॅन आला, पेट स्कॅन आला. न कापता आत बघता येऊ लागलं.

म्हणून स्कॅन म्हणजे उगाच उशीर नव्हे. रोग दूर गेला असेल तर सहसा आधी औषधं देतात, नुसतं कापून भागत नाही. आणि स्कॅन सांगितला म्हणजे रोग पसरलाच, असंही नाही. उलट गाठ लहान असेल, काखेत काही नसेल, दुसरा त्रास नसेल, तर बहुतेक वेळा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी पुरते. सगळ्या अंगाचा महागडा स्कॅन लागत नाही. तेव्हा दागिना मोडण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: "माझी स्टेज कोणती? या स्कॅनमुळे उपचार बदलणार आहेत का?"

आमच्या ताईला गटाने कर्ज दिलं. स्कॅन झाला. रोग काखेपर्यंतच होता. आता आधी केमो, मग ऑपरेशन. परवाच्या बैठकीला ती डोक्याला रुमाल बांधून आली आणि हप्ता स्वतः भरून गेली.