तळटीप : कल्याणचा जहाजकारखाना

१२. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. कल्याण, भिवंडी व पनवेल येथे त्यांनी लढाऊ जहाजे बांधल्याचा उल्लेख १६५९ च्या पोर्तुगीज पत्रात येतो. रुई लैतांव व्हिएगश याच्या हाताखालचे पोर्तुगीज कारागीर येथे कामाला होते. वसईच्या कप्तानाने त्यांना फोडले. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर गोदीचे चिरे शोधणे मात्र व्यर्थ. त्या काळी गलबत उतरत्या काठावर टेकू देऊन उभारत आणि उधाणाच्या भरतीला पाण्यात लोटत. दगडी हौद हवाच असे नाही. तेव्हा किल्ल्याखालचा, भरती पोचणारा सखल काठच (आता पूल नि भराव यांनी बदललेला) विचारात घ्यावा. मूळ लेखकाने नकाशात थेट किल्ल्यावर केलेली खूण ग्राह्य धरू नये.