लेकीला घेऊन निघालेली चित्रकर्ती

एलिझाबेथ व्हिजे लब्रुन ही फ्रान्सच्या राणीची, मारी आंत्वानेतची, चित्रे काढणारी बाई. १७८९ च्या ऑक्टोबरात राज्यक्रांतीच्या धामधुमीत नऊ वर्षांच्या ज्युलीला घेऊन ती रात्रीच्या घोडागाडीने पॅरिसबाहेर पडली. आपल्याला माहेरी जायचे तरी केवढी तयारी! तिची मिळकत नवरा खर्चून बसला होता; हाती उरले कुंचले. रोम, नेपल्स, व्हिएन्ना, जाईल तेथे बड्या घरच्या स्त्रियांची चित्रे काढून तिने चरितार्थ चालविला. १७९५ पासून सहा वर्षे ती सेंट पीटर्सबर्गला होती. पैसा, मान, सारे मिळाले. पण तेथेच ज्युलीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केले. १८०२ साली ती पॅरिसला परतली ती एकटीच. आईच्या गळ्यात हात टाकलेली लहानगी ज्युली, हे तिचे १७८९ चे चित्र लूव्र संग्रहालयात आहे.