शौचाची घाई रोखून कोण धरतं? गुदाशय आणि पेल्विक फ्लोअरचं काम समजून घ्या

बस घाटात असते, पुढचा थांबा तासाभरावर आणि नेमकी तेव्हाच शौचाची भावना होते. तरीही बहुतेक वेळा निभावून नेता येतं. हे शरीराला कसं जमतं? आणि काहींना ते का जमेनासं होतं?

मल साठतो कुठे?

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांबीच्या भागाला गुदाशय म्हणतात. मल त्यात उतरला की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि शौचाला जाण्याची जाणीव होते. त्याच्या खाली ३ ते ४ सेंटीमीटरचा गुदमार्ग असतो.

रोखून धरणारे तीन स्नायू

• आतला गोल स्नायू : आपोआप काम करतो. झोपेतही आवळलेला राहतो.

• बाहेरचा गोल स्नायू : आपल्या ताब्यात असतो. घाई झाली की आपण हाच आवळतो, पण तो लवकर थकतो.

• प्युबोरेक्टॅलिस : ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा, म्हणजेच पेल्विक फ्लोअरचा भाग. समोरच्या हाडापासून निघून तो गुदाशयाला मागून झोळीसारखा वळसा घालतो आणि पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे जवळपास काटकोन तयार होतो. पाण्याचा पाइप दुमडल्यावर प्रवाह अडतो, तसंच काहीसं. उकिडवं बसल्यावर हा कोन मोकळा होतो, म्हणून भारतीय पद्धतीच्या शौचालयात जोर कमी लावावा लागतो.

गॅस आहे की मल, हे कसं कळतं?

गुदाशय भरू लागला की आतला स्नायू क्षणभर सैल होतो. आतलं थोडंसं खाली येतं आणि गुदमार्गाच्या अस्तरातल्या नसा वायू, पातळ आणि घट्ट यांतला फरक ओळखतात. तोवर बाहेरचा स्नायू दार धरून असतो.

बिघाड कशामुळे होतो?

बाळंतपणात स्नायू फाटणं किंवा नसा ताणल्या जाणं हे महिलांमधलं मोठं कारण. त्रास कधीकधी अनेक वर्षांनी जाणवतो. वर्षानुवर्षं कुंथणं, मधुमेह, गुदद्वाराजवळची शस्त्रक्रिया हीदेखील कारणं असू शकतात. वृद्धांमध्ये अडकलेल्या घट्ट मलाच्या बाजूने पातळ मल झिरपतो आणि घरच्यांना ते जुलाब वाटतात. अशा वेळी जुलाब थांबवणारं औषध दिल्यास बद्धकोष्ठता वाढते.

उपाय आहेत का?

आहेत. आहारातले बदल, पेल्विक फ्लोअरचे व्यायाम, बायोफीडबॅक आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया. व्यायामात गॅस रोखताना आवळतो तेच स्नायू आवळून सोडायचे असतात. शौचातून रक्त जात असेल तर तपासणी टाळू नये. अचानक नियंत्रण गेलं आणि जांघेत बधिरपणा किंवा पायांत अशक्तपणा आला, तर लगेच रुग्णालय गाठावं.

लाजेपोटी अनेक जण प्रवास, लग्नकार्य सगळं टाळतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत. हा वयाचा दोष नाही. स्नायू आणि नसांचा हा आजार आहे आणि बऱ्याच जणांना उपचारांनी आराम पडतो.