थेंब पडतो एकीकडे, भोक असतं दुसरीकडे! जुन्या पत्र्याची गळती शोधायची कशी?

देवगड तालुक्यातलं मिठबाव म्हटलं की गजबादेवीचं मंदिर, समुद्र आणि हापूसच्या बागा आठवतात. पण अशा किनारी गावात मे महिन्यात आणखी एक दृश्य हमखास दिसतं. बागेतल्या मांगरावर किंवा घरामागच्या शेडवर कुणीतरी चढलेलं असतं आणि गंजक्या पत्र्यावर डांबर फासत असतं. मग मिरगाचा पाऊस येतो आणि गेल्या वर्षीच्याच जागी पुन्हा टपटप सुरू होते. डांबर वाईट नसतं, ते चुकीच्या जागी लागलेलं असतं.

भोकातून आत आलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटून उताराने वाहतं आणि आडव्या पाइपला किंवा वाशाला अडलं की तिथून थेंब सोडतं. म्हणजे खरी जागा थेंबाच्या वर, आढ्याच्या दिशेला असते. कधी वीतभर, तर कधी चार-पाच फूट.

गळती कधी होते, यावरूनही बरंच कळतं. साध्या, सरळ पडणाऱ्या पावसातही लगेच गळत असेल, तर भोक किंवा सैल स्क्रू. फक्त वारा सुटल्यावर गळत असेल, तर दोन पत्र्यांचा जोड किंवा आढ्यावरची रिज. पावसाळी वारा इथे नैर्ऋत्येकडून येतो. जोडाची उघडी कड त्याच दिशेला असेल, तर वारा पाणी आत ढकलणारच. पाऊस थांबल्यावरही बराच वेळ थेंब येत असतील, तर जोडात किंवा पन्हळीत कचरा साचून पाणी तुंबलेलं असतं. आंब्याच्या झाडाखालच्या शेडमध्ये हे फार होतं. आणि पाऊस नसताना, थंडीतल्या पहाटे पत्रा ठिबकत असेल, तर ती गळती नव्हेच. आतली दमट हवा थंड पत्र्याला लागून झालेलं ते पाणी असतं. तिथे डांबर नाही, हवा खेळायला जागा हवी.

बहुतेकांची नजर गंजलेल्या भागावर जाते. पण जुन्या छपरात गळतीचं मूळ बऱ्याचदा स्क्रूपाशी असतं. लोखंडी पत्रा उन्हात वाढतो, रात्री आकसतो. ६ मीटर लांबीच्या पत्र्यात ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर हालचाल होते. ही ओढाताण वर्षानुवर्षं सोसून स्क्रूचं भोक लांबट होतं आणि रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये भरलेलं सिमेंटही याच कारणाने दर वर्षी भेगाळतं. पत्रा हलतो, सिमेंट हलत नाही.

किनाऱ्यावर यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. पत्र्यावर जस्ताचा थर असतो तोवर लोखंड वाचतं, खारटपणा तो थर झपाट्याने खातो. वरचं मीठ पावसाने धुऊन जातं, पण पुढे आलेल्या पागोळीच्या खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही. म्हणून वरून धडधाकट दिसणारा पत्रा खालून पोखरलेला निघतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक खालून जरा जोर देऊन टोचून पाहा. आरपार गेलं, तर त्या पत्र्यावर ठिगळाचा खर्च करू नये, तो बदलावा.

शोध सुरू करायचा आतून. भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार केला की भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. तिथे खडूने खूण करा. जोडातली गळती मात्र उजेडाने दिसत नाही, तिला पाणीच लागतं. एकाने शिडीवरून पाइपने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत थांबायचं. सुरुवात खालच्या कडेपासून, आणि एका जागी पाच-दहा मिनिटं थांबून मगच वर सरकायचं. आधीच आढ्यावर पाणी ओतलं, तर ते सगळ्या जोडांवरून वाहतं आणि काहीच उमगत नाही. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला असेल, तर बादली आणि तांब्यावरही भागतं.

जुन्या पत्र्यावर चढताना पाय फक्त स्क्रूच्या रांगेवर ठेवावा, कारण खाली आधार तिथेच असतो. त्याहून बरं म्हणजे आधारांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसणं. आधी शेडची वीज बंद करा. खरवडलेली वायर पत्र्याला टेकली असेल, तर अख्खं छप्पर करंट मारतं. ओल्या पत्र्यावर चढू नये आणि सिमेंटच्या पत्र्यावर तर थेट पाय ठेवूच नये, तो न सांगता फुटतो.

दुरुस्तीत सैल स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या रबरी वॉशरसह बसवावा. वॉशर जेमतेम दबला पाहिजे. चेपून बाहेर आला, तर लवकर फाटतो. गंज तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने मीठ धुऊन, पूर्ण सुकल्यावर जस्ताचा प्रायमर आणि त्यावर रंग. मीठ राहिलं तर गंज रंगाखालीच वाढतो. जोडासाठी ब्युटाइल टेप किंवा न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन जस्तालाच खातं. भोकावरचं ठिगळ चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठं असावं, त्याखाली सीलंट आणि कडेने रिव्हेट.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगत गेलं, तेव्हा कोकणात अनेक छपरांचे पत्रे उडाले. तेव्हा वादळाच्या भीतीने पत्र्यावर वजन ठेवण्याची कल्पना चुकीची नाही. फक्त पिशव्यांत किनाऱ्यावरची वाळू भरू नये. ती खारी असते, ओल धरते आणि पिशवीखालचा पत्रा आधी जातो. त्यापेक्षा कडेच्या रांगेत स्क्रू वाढवणं बरं, कारण वारा पत्रा उचकटतो तो कडेपासूनच.