कापडे नावाचं गाव आणि 'मूळ देश' नावाचा रकाना

माझ्या गावाचं नाव कापडे. रायगड जिल्हा, तालुका पोलादपूर. एकदा ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'उद्या कापडेला चाललोय, सोमवारी भेटू.' एका तमिळ सहकाऱ्याने ते भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं. ॲपने त्याला सांगितलं की हा माणूस उद्या कपड्यांकडे चालला आहे. त्याने लगेच विचारलं, 'कुठे सेल आहे का?'

आमच्या गावात कापड विणणारं कुणीच नाही. भात, नाचणी, वरी, थोडी गुरं आणि दर पावसाळ्यात डोंगराकडे बघत बसणं. तरीही आमच्या खोऱ्यात जुन्या घरांची चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: 'आमचे म्हातारे गिरणीत होते.' महाड-पोलादपूरच्या डोंगरात कापड विणलं गेलं नाही, पण कापडावर पिढ्या जगल्या.

हा लेख लिहायला कारण मात्र गाव नाही, एक रकाना आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्या कामाचा एक भाग म्हणजे युरोपात कपडे विकणाऱ्यांच्या मालाच्या नोंदी सांभाळणारी प्रणाली. प्रत्येक शर्टाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत 'मूळ देश' असा रकाना. मला वाटायचं की तिथे चीन आणि बांगलादेशच दिसतील. ते होतेच, पण त्यांच्याबरोबर तुर्कस्तान, मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त हीसुद्धा नावं सारखी दिसत होती. सगळी भूमध्य समुद्राच्या काठावरची. हे देश इथे कसे, एवढ्या एका प्रश्नातून मी वाचायला लागलो आणि फिरत फिरत महाडला येऊन पोचलो.

खाडीतून बाहेर

मुंबई-गोवा महामार्गाने महाडला येताना गांधारपाल्याची लेणी दिसतात. सुमारे 1,800 ते 2,000 वर्षांपूर्वीची, डोंगराच्या पोटात खोदलेली बौद्ध लेणी. शाळेची सहल तिथे जायची. आम्ही वर चढून आंब्याच्या फोडी खायचो आणि खाली उतरायचो. एवढा खर्च करून इथे लेणी का खोदली, हे कुणी सांगितलं नाही.

उत्तर सावित्री नदीत आहे. महाडच्या खाली दासगाव, पुढे बाणकोटची खाडी आणि मग समुद्र. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रातून येणारा माल इथे एकमेकांना भेटत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ते पुस्तक ओळखलं जातं. त्यात कल्याण आहे, चौल आहे. पैठण आणि तेर इथून माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जातो, असंही आहे. तेरहून जाणाऱ्या मालात मुख्य होतं सुती कापड. चौलच्या पुढे दक्षिणेला त्याने 'पालैपटमै' नावाचं एक बंदर नोंदवलं आहे. ते महाडजवळचं पाले असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही.

हे कापड जायचं कुठे? तांबड्या समुद्राच्या काठावर, इजिप्तमध्ये, बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या उत्खननात सुती कापडाचे तुकडे मिळाले, त्यात जहाजाच्या शिडांचेही. कोरड्या वाळूत ते टिकले. ते भारतातले आहेत हे ओळखायची एक खूण म्हणजे दोऱ्याचा पीळ. इजिप्तमधले कातणारे दोरा एका दिशेने पिळायचे, भारतातले उलट दिशेने. पुरातत्त्वज्ञ त्याला 'एस' पीळ आणि 'झेड' पीळ म्हणतात, कारण दोऱ्यावरची तिरकी रेघ त्या अक्षरांसारखी दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी चात फिरवणाऱ्या बाईचं नाव कुठेच उरलं नाही, पण तिचा हात कुठल्या बाजूला वळायचा हे आज सांगता येतं. 'मूळ देश' हा रकाना इतका जुना आहे.

रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली होती की भारत दरवर्षी रोमकडून 5 कोटी सेस्टर्स ओढून घेतो. आपला 'कर्पास' हा शब्दही कापडाबरोबर गेला आणि ग्रीकमध्ये 'कार्पासोस' झाला. त्या काळी भूमध्य समुद्राकाठचे लोक आपलं कापड विकत घेत होते, आणि चिंता त्यांना होती.

त्याच खाडीतून, उलट कारणासाठी

एकोणिसाव्या शतकात हा व्यवहार पूर्ण फिरला. इंग्लंडचं यंत्रावरचं कापड इथे आलं आणि हातमागाची दैना झाली. मग 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत ताडदेवला सूतगिरणी उभारायला घेतली आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी दोन ठिकाणांकडे धाव घेतली: भारत आणि इजिप्त. मुंबईत पैशांचा पूर आला. इजिप्तच्या नाईलकाठी शेतकरी कापसाकडे वळला. आमचा आणि त्यांचा आधुनिक इतिहास साधारण एकाच घटनेने वळला आहे.

मुंबईच्या गिरण्यांना माणसं लागली आणि ती कोकणातून गेली. तेव्हाच्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून. (आमचा जिल्हा 1981 पर्यंत कुलाबाच होता.) रस्ता नव्हता तेव्हा दासगाव-बाणकोटवरून आगबोटीने. ज्या खाडीतून कधीकाळी माल बाहेर पडला, तिच्यातून आता तो विणणारी माणसं बाहेर पडली.

गिरणगावात एका गावाची एक खोली असे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण. पाळ्या वेगळ्या असल्यामुळे झोपायची जागाही पाळीने. जेवण खानावळवालीकडे. या बायकांचा गिरणीच्या हजेरीपटावर पत्ता नव्हता, पण संपाच्या काळात उधारीवर जेवू घालणाऱ्या त्याच होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

आजोबा 1958 साली गेले. आधी बदली, म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि कुणी खाडा केला असेल तर आत जायचं. काही वर्षांनी कायम झाले, आणि तेही साचा खात्यात. साचा म्हणजे माग. साचेवाला असणं मानाचं होतं, पगारही जास्त. आमच्या घरात आजही कुणी पाहुणा आला की सांगितलं जातं, 'आमचे म्हातारे साचेवाले होते.'

धोट्याला तोंड

लहानपणी आजोबा मला धोटा कसा भरायचा ते हातवारे करून दाखवायचे. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची. दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, की दोरा जिभेवर येतो. दिवसातून शेकडो वेळा. ते 'सुर्रर' असा आवाज काढायचे आणि आम्ही पोरं हसायचो.

खूप नंतर, त्या रकान्याच्या नादाने वाचत असताना, मला कळलं की याच श्वासामुळे हजारो माणसांना साचा खात्यात पाऊल टाकता आलं नाही. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा वापरणार. मग 'अस्पृश्य' कामगाराचा उष्टा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून त्यांना विणकामात घ्यायचं नाही. त्यांनी कातणाच्या, म्हणजे त्रासन खात्यात, नाहीतर आणखी कमी पगाराच्या कामांवर राहायचं. हा नियम कुठल्या कायद्यात नव्हता. तो कामगारांनीच कामगारांवर लादला होता आणि मालकांना त्याचं काही नव्हतं.

आता तारखा पाहा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याला आधार होता 1923 च्या ठरावाचा, जो मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडला होता. बोले हे गिरणी कामगारांत काम करणारे पुढारी. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की साचा खातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणी यादीत घ्या. ती घेतली गेली, पण नाखुशीने. मालकांनी हात वर केले: हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. आंबेडकरांनी हे पुढे स्वतः सांगितलं आहे.

शाळेत आम्हाला चवदार तळं शिकवलं. तळं आमच्यापासून तासाभरावर. पण महाडचं पाणी आणि परळचा दोरा ही एकच गोष्ट आहे, कुणाचं तोंड कशाला लागलेलं चालतं ही, हे मला कुणी जोडून दाखवलं नव्हतं. आणि तो आमच्या घरच्या अभिमानाचा प्रश्न होता, म्हणून आम्हीही जोडलं नसेल.

18 जानेवारी 1982

दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. अडीच लाख कामगार. पगार आणि बोनस हे मुद्दे होतेच, पण मुळाशी आणखी एक गोष्ट होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना ठरवली होती. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांना ती आपली वाटत नव्हती, आणि कायद्याने बोलायचा अधिकार फक्त तिलाच होता.

संप लांबला तसे लोक गावी आले. इथे निदान भात होता. आजोबाही आले, भातलावणीपुरते म्हणून, आणि परत गेले ते फक्त सामान आणायला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माग भिवंडीला गेले, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जमिनी मात्र महाग झाल्या. 1991 च्या नियमानुसार त्यांचे तीन भाग व्हायचे होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले आणि घरं त्या मानाने फारच थोडी. आमचाही एक अर्ज त्यात आहे.

पलीकडचा काठ

आता पुन्हा त्या रकान्याकडे. ज्या 1927 साली महाडला सत्याग्रह झाला, त्याच वर्षी इजिप्तमध्ये तलात हर्ब यांच्या बँक मिस्रने महल्ला या गावी कापडगिरणी स्थापन केली. इंग्रजांच्या मालाला उत्तर म्हणून, आपल्या स्वदेशीसारखंच. पुढे ती सरकारी झाली आणि देशातली सर्वांत मोठी गिरणी म्हणून ओळखली गेली. डिसेंबर 2006 मध्ये कबूल केलेला बोनस मिळाला नाही म्हणून तिथे संप झाला. आधी बाहेर पडल्या त्या शिलाई खात्यातल्या बायका. त्यांनी जाऊन पुरुषांना बाहेर काढलं. त्यांचंही भांडण सरकारमान्य एकमेव संघटनेशी होतं. हे वाचताना मला वाटलं की मी परळचंच वाचतोय.

1974 पासून श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. 1 जानेवारी 2005 ला ते संपले आणि स्वस्त आशियाई मालाने मोरोक्को-ट्युनिशियाच्या शिलाई कारखान्यांना घेरलं. ते तगले ते जवळ असल्यामुळे. फॅशन आठवड्यागणिक बदलते. टँजिअरहून ट्रक बोटीवर चढवला की थोड्या दिवसांत स्पेनच्या दुकानात. आपल्याकडून जहाजाला आठवडे लागतात. म्हणजे माझ्या रकान्यातल्या त्या नावांचं उत्तर: घाई. आणि घाईची किंमतही कुणीतरी देतं. 8 फेब्रुवारी 2021 ला टँजिअरमध्ये एका घराच्या तळघरात चालणाऱ्या शिवणखान्यात पावसाचं पाणी घुसलं आणि किमान 28 कामगार मेले. असल्या तळघरांसाठी कुठल्याच प्रणालीत रकाना नाही. तिथे फक्त 'मोरोक्को' येतं.

मागच्या गणपतीत घरी गेलो तेव्हा म्हाडाच्या अर्जाचे कागद बघायला आजीची पेटी उघडली. गिरणीचं हजेरी कार्ड, मुंबईचं जुनं रेशनकार्ड, आणि गिरणीतून आणलेल्या मांजरपाटाचा न शिवलेला तुकडा. मी आजीला विचारलं, पलीकडच्या वाडीतले लोकही गिरणीत होते ना?

"होते की. त्रासनला होते. एकाच एस्टीने जायचे सगळे."

"मग आपल्या गावच्या खोलीत राहायचे?"

आजी तुकड्याची घडी घालत होती. "नाही रे. त्यांची खोली वेगळी."

मी विचारलं, कुठे होती ती खोली? तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या वाडीत गेलो. तिथल्या एका घरातही तसंच हजेरी कार्ड निघालं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. तिथल्या म्हातारबाबांनी आधी मला पाणी दिलं. मग सांगितलं, त्यांची खोली नायगावला होती. त्यांच्या वडिलांना साचा शिकायचा होता. अर्ज त्यांनीही केला आहे, म्हाडाकडे. त्यांचाही नंबर लागलेला नाही.