उच्च रक्तदाब नियंत्रण, वर्धा जिल्हा

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे निवडले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये हा उपक्रम सुरू केला. वर्ध्याचा या व्याधीशी जुना संबंध आहे: १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींचा रक्तदाब १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० नोंदला गेला होता. त्यावर ते सर्पगंधा ही औषधी वनस्पती घेत.

उपक्रमात उपचाराचा क्रम ठरलेला असतो. सुरुवात बहुधा ॲम्लोडिपिनने होते. महिन्याभरात दाब १४०/९० च्या खाली न आल्यास डोस वाढवतात किंवा टेल्मिसार्टन जोडतात; तरीही न उतरल्यास क्लोरथॅलिडोन. औषधे मोजकीच असल्याने किती साठा लागेल याचा अंदाज आधी बांधता येतो. एरवी केंद्रात गोळी संपली की रुग्णाचे येणेही थांबते.

उपक्रमाचे खरे वेगळेपण मोजणीत आहे. शिबिरात किती जणांचे बीपी तपासले, हा आकडा दिसायला मोठा, पण त्यावरून उपचाराचा दर्जा कळत नाही. इथे नोंदणी झालेल्या प्रत्येकाचा हिशेब दर तिमाहीला लागतो: दाब आटोक्यात, आटोक्याबाहेर, की रुग्ण आलाच नाही. न आलेला रुग्ण हिशेबातून गळत नाही, त्यामुळे टक्केवारी फुगवता येत नाही. उपचारपत्र केंद्रातच राहते; त्यावरून आशा किंवा आरोग्यसेविका गैरहजर रुग्णाचा माग काढते. कापूस वेचणीच्या दिवसांत एका गोळीसाठी मजुरी कोण बुडवणार? म्हणून पाठपुरावा आणि महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रापर्यंत नेणे महत्त्वाचे ठरले. पहिल्या टप्प्यातील राज्यांच्या अनुभवातही मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावाजवळच्या केंद्रांत नियंत्रणाचे प्रमाण चांगले आढळले.

२०२२ मध्ये उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मात्र ही तिमाही मोजणी मुख्यतः सरकारी केंद्रांपुरती आहे. खासगी दवाखान्यात बीपीची गोळी घेणारे आणि दुकानातून परस्पर आणणारे तिच्या बाहेरच राहतात.